वळणबाबाची स्थापना

देवमन इंगळे यांच्या हातून पळसगव्हाणच्या वळणावर एक देव बसला, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. तो त्यांनी बसवला, असं मात्र त्यांच्यासमोर कुणी म्हणू नये. म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते आणि ते बसस्टँडच्या आवाजात बोलायला लागतात. हा आवाज त्यांनी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात कमावलेला आहे. कर्ण्यातून गाड्या पुकारून पुकारून तो असा झाला आहे, की निवृत्तीनंतर घरात त्यांनी नुसतं मीठ मागितलं तरी शेजारचे पाहुणे आपापल्या पिशव्या उचलून उभे राहतात.

इंगळ्यांना देव नकोच होता. ते बौद्ध घरातले, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेले, दगडापुढे उभ्या आयुष्यात मान न वाकवलेले गृहस्थ. चालताना ठेच लागली तरी खाली न वाकता बोट चोळायचा प्रयत्न करणारे. त्यांना हवी होती एक पाटी. गडकिल्ल्यांच्या वाटेवर असते तशी, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांची, इथे अमुक झालं असं सांगणारी. आणि तीसुद्धा हौस म्हणून नाही, विहिरीसाठी.

ही विहीर किन्हीराजाकडून येणाऱ्या रस्त्याला वळणावर, कडुलिंबाखाली आहे. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंगळ्यांच्या वस्तीने ती खणली, कारण गावातल्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत. इंगळ्यांची आई गंगूमाय तेव्हा कोवळी नवी सून होती. डोक्यावर टोपल्या वाहून तिने मुरूम वर काढला. आज ती पंच्याऐंशीच्या घरात आहे. दातांनी तिची साथ सोडली आहे, जिभेने सोडलेली नाही.

आता रस्ता रुंद व्हायचा होता. मोजणीवाले आले आणि विहिरीच्या कठड्यावर चुन्याने फुली मारून निघाले. इंगळे धावत जाऊन फुलीचा अर्थ विचारते झाले, तेव्हा फीत गुंडाळणारा माणूस म्हणाला, "काही नाही, हे बुजवाचं हाये."

त्या दिवशी गंगूमाय जेवली नाही. "बुजवू दे. आता नळ हायेत ना," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. इंगळ्यांना ते बघवेना. आईच्या शिव्या त्यांना रोजच्या होत्या, पण आई गप्प बसते म्हणजे आत काहीतरी मोडलं आहे, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. काहीही करून विहीर वाचवायची, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. सरकार माणसाचं ऐकत नाही, पण पाटीचं ऐकतं, अशी नोकरीत मुरलेली त्यांची समजूत होती. विहिरीला पाटी लागली की ती ऐतिहासिक होईल, आणि ऐतिहासिक गोष्ट बुजवायला कुणाचा हात धजणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

मजकूर त्यांनी एका बैठकीत लिहिला. तीन ओळींचा, नेटका. बायकोने, म्हणजे नीलिमाने, तो वाचून चांगला आहे म्हटलं, तिथेच थांबायला हवं होतं. पण तो त्यांनी हरिसिंगला दाखवला.

हरिसिंग राठोड हा तांड्यातला, इंगळ्यांचा शाळेपासूनचा दोस्त. सल्ला देणे हा त्याचा मुख्य व्यवसाय, शेती हा जोडधंदा. त्याने कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "याच्यात माह्या आज्याचं नाव कुठं हाये?"

"तुह्या आज्याचा काय संबंध?"

"काहून? विहीर तुमी खंदली, पण पयलं पाणी कोणाच्या बैलानं पेलं? बैलाईवर माल लादून, लदनी घेऊन आमचा तांडा इथीच थांबला होता."

"मंग काय बैलाचं नाव टाकू?"

"टाक ना. ढवळ्या होता."

बैलाची बातमी फुटली आणि पाटीवर जागा मागणारांची रीघ लागली. कुणाच्या चुलत्याने पहार उसनी दिली होती, कुणाच्या आजीने भाकरी दिल्या होत्या. एकाचा मामा तर आत पडला होता, आणि पडणं हेही विहिरीच्या इतिहासात मोडतं असं त्याचं म्हणणं होतं. ग्रामपंचायतीत सरपंच कमलीबाईंचे यजमान भेटले. कमलीबाईंच्या वतीने सगळं तेच बोलतात, कमलीबाई सही करतात. त्यांनी पाटीला पूर्ण पाठिंबा दिला, फक्त वरच्या बाजूला विद्यमान सदस्यांची नावं मोठ्या अक्षरांत हवीत म्हणाले. "इतिहासाचं काय जी, तो तं होऊन गेला. निवडणूक अजून व्हायची हाये."

शिवाय रस्त्याची कड पंचायतीची नव्हतीच. म्हणून इंगळे रस्त्याच्या हापिसात गेले. तिथल्या बाबूने पाटीमुळे अपघात होणार नाही असा दाखला मागितला.

"पाटीमुळे अपघात कसा होईल साहेब?" इंगळ्यांनी विचारलं.

"लोक वाचायला लागतील ना," बाबू म्हणाला.

तिथून त्यांना जुन्या वास्तूंच्या हापिसात पाठवण्यात आलं. ते हापिस दुसऱ्या जिल्ह्यात आणि तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथल्या बाईंनी आस्थेने विचारलं, "विहीर किती जुनी?"

"धम्मदीक्षेच्या वर्षीची."

"म्हणजे शंभर नाही झाली. शंभर पूर्ण झाली की या."

"पण बाई, तोवर ते बुजवून टाकतील."

"मग तर अर्जाचीही गरज पडणार नाही," बाई म्हणाल्या आणि खरोखर मनापासून हसल्या.

परतीच्या गाडीत इंगळ्यांचा चेहरा असा पडला होता, की वाहकाने त्यांना ओळख देऊनही बोलणं टाळलं. ज्या माणसाच्या एका शब्दावर गाड्या फलाट बदलत, त्याला जिने चढवून कुणी हसतं, हे त्यांना फार लागलं. स्टँडवर उतरताना आपली गाडी नेहमीप्रमाणे उशिरा आली आहे, आणि तरी तसं कुणी पुकारलं नाही, याचाही त्यांना राग आला.

हरिसिंगने मात्र एका वाक्यात तोड काढली. "पाटीले परवानगी लागते. दगडाले लागते का? दगड रोव आन् त्याच्यावर लिही."

हे इंगळ्यांना पटलं, आणि इथेच त्यांची गाडी रुळावरून घसरली. हरिसिंगच्या शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, कमरेएवढा काळा दगड बैलगाडीत घालून आणला. विहिरीच्या कठड्याला लागून तो पक्का रोवला. अक्षरं काढायला नवीन नावाचा पेंटर आला. नाव नवीन असलं तरी ब्रश बापाच्या काळातले होते. त्याने दगडाला वाटोळी प्रदक्षिणा घातली, हे खरं म्हणजे तेव्हाच खटकायला हवं होतं. मग म्हणाला, "साहेब, पयला हात गडद पाह्यजे. त्याच्यावर पांढरं अक्षर कसं उठून दिसते." निळा रंग त्याच्याकडे नव्हता. कुठल्याशा फाटकाचा उरलेला केशरी होता, तो त्याने दगडाला वरपासून खालपर्यंत सढळ हाताने फासला. रंग वाळेपर्यंत काम थांबणार होतं, आणि तेवढ्यात त्याला इंझोरीहून साळीच्या, म्हणजे मेहुणीच्या, लग्नाचं बोलावणं आलं. "परवा येतो," म्हणून तो गेला.

आता जरा चित्र डोळ्यांसमोर आणावं. रामनवमी तोंडावर आलेली. पोहरादेवीच्या जत्रेला जाणाऱ्या जीपा, टेम्पो आणि ट्रॅक्टर त्या रस्त्याने चाललेले. वळणावर गार सावली, शेजारी पाणी, आणि सावलीत ताज्या केशरी रंगाने निथळणारा, एका अक्षराचाही डाग नसलेला दगड. आपल्या मुलखात एवढं झाल्यावर आणखी काय लागतं? इंगळ्यांनी सगळ्या हापिसांचा विचार केला होता, माणसांचा केला नव्हता.

सकाळी चहा पिऊन ते रंग वाळला का बघायला गेले, तर दगडापुढे फुटलेला नारळ, उदबत्त्या, जास्वंदीची फुलं आणि हिरव्या बांगड्या. तांड्यातली मोतीबाई दगडाला डोकं टेकवून उठत होती.

"मोतीबाई, हे काय चालवलं?" इंगळे कडाडले. "हा रंग हाये रंग! शेंदूर नाही! फाटकाचा रंग हाये!"

मोतीबाईने पदर सारखा केला आणि शांतपणे सांगितलं, "असन ना भाऊ. माही म्हैस हरपली होती. इथी हात जोडले आन् मांगं पाह्यलं, तं म्हैस उभी."

"पाणी प्यायला आली असन ती!"

"तेच तं म्हणतो. कोणं आणलं तिले?"

मोतीबाईला पटवणं शक्य नव्हतं. म्हशीलाही विचारता येईना. ते घरी परत येईतो देवाचं बारसंही उरकलं होतं. वळणावरचा म्हणून वळणबाबा. दोन दिवसांत लिंबाला झेंडा लागला, तिसऱ्या दिवशी घंटा आली. ट्रकवाले वळणावर येताच हॉर्न वाजवून स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावू लागले. इंगळ्यांचं घर जवळच. दर हॉर्नसरशी ते खुर्चीत उडत. वळणावर दोन्ही हात स्टिअरिंगवर पाहिजेत, असं ते रस्त्यावर उभं राहून ड्रायव्हरांना ओरडून सांगत. ड्रायव्हरांना वाटे, हे पुजारी आहेत. ते त्यांनाही नमस्कार करत.

विहारातल्या मंडळींनी त्यांना बोलावून घेतलं आणि सतरंजीवर मध्ये बसवलं. कुणी रागावलं नाही, ते जास्त वाईट होतं. "इंगळेसाहेब, आपल्यात असं काही... म्हणजे घरी काही अडचण हाये का?" असं एका ज्येष्ठाने हळुवार विचारलं. प्रसेनजितचा, म्हणजे मुलाचा, पुण्याहून फोन आला. त्याच्या हापिसातल्या एकाने वळणबाबाचा फोटो पाठवला होता, 'अकरा जणांना पाठवा' या सूचनेसह. "बाबा, फोटोत मागे तुम्ही उभे आहात," तो म्हणाला. "तुमचा हात वर आहे. आशीर्वाद देताय का?" इंगळे ड्रायव्हरला थांबवत होते.

नीलिमाने मात्र सरळ तोंडावर सांगितलं, "बावीस प्रतिज्ञा पाठ असणाऱ्या माणसानं एवढा मोठा देव बसवला. पाठ नसत्या तं काय केलं असतं तुमी?"

शेवटी इंगळ्यांनी नवीन पेंटरला गाठलं आणि आत्ताच्या आत्ता अक्षरं काढ म्हणाले. नवीनने ब्रश मागे लपवले. "साहेब, देवाच्या अंगावर लिहू? माह्या हाताले झोंबन. साळीच्या लग्नात आताच तं पाय मुरगळला." तेव्हा इंगळे स्वतःच पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन भर दुपारी वळणावर गेले. डबा उघडतात तोच हरिसिंगची बायको रुपाबाई तिथे हजर. तिच्यामागे भजन आटोपून निघालेल्या बाया. रुपाबाईने डबा पाहिला आणि तिला भरून आलं. "पाह्य व माय, देवमनभाऊनं दूध आणलं देवाले!" इंगळ्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांच्या हातावर शिरा आला होता. शिऱ्यात वेलदोडा होता, तूप सुटलं होतं. ते तो खाऊन डबा घेऊन परत आले. शिरा प्रसाद म्हणून खाल्ला नाही, भूक म्हणून खाल्ला, हे त्यांनी नीलिमाला न विचारताच सांगितलं.

त्या संध्याकाळी हरिसिंग अंगणात येऊन बसला. "तू कायले जीव जाळून राह्यला?" तो म्हणाला. "अर्ज केले, जिने चढला, काय झालं? आन् हा दगड पाह्य. देव हाये तोवर त्या विहिरीले कोणाचा बाप हात लावत नाही. तुले विहीर पाह्यजे का खरेपणा पाह्यजे?"

इंगळ्यांनी त्याला हाकलून दिलं, पण प्रश्न काही त्याच्याबरोबर गेला नाही. आत खाटेवर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला दगडाचं काही सांगितलं नव्हतं. हॉर्न का वाजतात, म्हणून ती विचारायची, आणि इंगळे लग्नसराई आहे म्हणायचे.

नवमी उलटली, गर्दी ओसरली आणि पोकलेन आलं. सोबत पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण अभियंता, बाहेरगावचा. गाव गोळा झालं. पोकलेनचा चालक खाली उतरला. त्याने चपला काढल्या, दगडापुढे हात जोडले आणि साहेबाकडे वळून म्हणाला, "साहेब, मी नाही हात लावत. मांगं एका ठिकाणी लावला होता, तं महिनाभर पाठ धरून बसलो."

अभियंत्याने कपाळावरचा घाम पुसला. "हे बघा, माझ्याकडे दोनच प्रकार आहेत. देवस्थान असेल तर गावाशी बोलून रस्ता थोडा बाजूने नेतो, सगळीकडे तशी रीत आहे. नसेल तर आजच्या आज बुजवतो. हा दगड कुणी बसवला?"

सगळं गाव एक पाऊल मागे सरकलं आणि इंगळे न हलता सर्वांच्या पुढे आले.

"काका, तुम्ही सांगा. हा देव आहे का?"

इंगळ्यांना आपले वडील आठवले, पांढरे कपडे घालून नागपूरला पायी गेलेले. विहारातली सतरंजी आठवली. आणि भिंतीकडे तोंड केलेली आईची पाठ आठवली. त्यांनी घसा साफ केला. उशिरा आलेली गाडी त्यांनी कधी वेळेवर आली असं पुकारलं नव्हतं. पण त्या पाठीपुढे त्यांचा निरुपाय झाला.

"होय," ते म्हणाले. सवयीने आवाज स्टँडचाच लागला आणि पार वस्तीपर्यंत ऐकू गेला. "हा देव आहे."

नीलिमाने मान खाली घातली. हरिसिंगने सुस्कारा सोडला. अभियंता कागद काढू लागला.

"नाही व्हय तो देव."

लोक बाजूला झाले. काठी टेकत गंगूमाय येत होती. मुलाचा आवाज तिला खाटेवर ऐकू गेला होता. तो आख्ख्या गावालाच ऐकू गेला होता म्हणा. दगडाकडे, झेंड्याकडे, घंटेकडे तिने एकदा नीट पाहून घेतलं आणि मग इंगळ्यांकडे पाहिलं. साठी ओलांडलेल्या इंगळ्यांना एकदम चड्डीत असल्यासारखं वाटलं.

"माय, चूप राय ना व," हरिसिंग कानाशी कुजबुजला. "विहीर जाईन."

"जाऊ दे. देवाच्या नावानं राह्यली तं कायची राह्यली?" गंगूमाय अभियंत्याकडे वळली. "ऐक बाप्पा. गावात देव होता. देवाजवळ विहीर होती. तथी आमाले घागर बुडवू देत नोहते. म्हून आमी इथी खंदली. इथी देव नोहता, म्हून तं पाणी भेटलं."

मोतीबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तेवढ्यात एक ट्रक वळणावर आला, सवयीने हॉर्न वाजवून निघून गेला, आणि सगळ्यांनाच उगीच ओशाळल्यासारखं झालं.

"आजी, तुम्ही खरं सांगितलंत," अभियंता हळू आवाजात म्हणाला. "पण मग मला ती बुजवावी लागेल."

"बुजव ना. म्या कुठं नाही म्हणलं?" असं म्हणून गंगूमाय चुन्याच्या फुलीवर, कठड्यावर जाऊन बसली. काठी तिने मांडीवर आडवी घेतली. "म्या टोपल्यानं काढली हिच्यातली माती. आता तू कोणच्या अंगानं टाकतं ते सांग, तिकून सरकतो."

अभियंत्याने इंगळ्यांकडे पाहिलं. "काका, समजवा ना आईला."

इंगळ्यांना आपण खोटं बोललो याची लाज वाटत होती, आणि आईने ते सगळ्यांदेखत उघडं पाडलं याचं फार बरंही वाटत होतं. ते जाऊन आईच्या शेजारी बसले. मग नीलिमा बसली. "माह्या आज्याच्या बैलाच्या वतीनं," असं म्हणून हरिसिंग बसला, म्हणून रुपाबाईला बसावं लागलं. मोतीबाई जरा वेळ उभी होती. मग तिने दगडापुढची उदबत्ती उचलून बाजूला मातीत खोचली आणि तीही आली. कठडा भरला. उरलेल्यांनी खाली बैठक मारली आणि कुणीतरी चहाचं बघायला गेलं.

अभियंता फोन घेऊन लिंबापलीकडे गेला. बराच वेळ त्याचे फक्त हातवारे दिसत होते. परत आला तेव्हा त्याने हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. "देवासाठी जेवढं वळण दिलं असतं, तेवढंच देतो," तो म्हणाला. "कागदावर काय लिहायचं ते मी बघतो."

गलका झाला. हरिसिंग म्हणत होता की ही युक्ती मुळात त्याचीच. इंगळे आईचा हात घट्ट धरून बसले होते आणि आवाज फुटत नसल्याने गप्प होते, हे गावाने प्रथमच पाहिलं. पोकलेनचा चालक अजून अनवाणीच होता. तो दगडाला वळसा घालून पुढे आला आणि खाली वाकून त्याने गंगूमायच्या पायांवर डोकं टेकवलं.

गंगूमायने झटक्यात पाय वर घेतले.

"ऊठ रे," ती खेकसली. "कायले पाया पडतं? मी का दगड आहो?"